बंबापासून सौरबंबापर्यंत : अंघोळीच्या पाण्याचा एक हिशेब

परंदवडीचे आमचे जुने घर गेल्या दिवाळीनंतर उतरवले आणि त्याच जागी नवे बांधायला काढले. विटांचे काम संपले, स्लॅब पडला, आणि गिलाव्याला हात लावायच्या आदल्या दिवशी नळकाम करणारा मुलगा समोर येऊन उभा राहिला. "ताई, गीझरचा पॉइंट कुठं काढू? गॅसचा की लाइटचा? सोलर लावायचा असंल तर वरनं लाइन आत्ताच घ्यावी लागंल. एकदा गिलावा झाला की मग फोडाफोडी."

तीस वर्षे मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवले. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते, हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही. तरी त्या मुलाला उत्तर देता येईना. भिंतीत गाडलेला पाइप पुढची पंचवीस-तीस वर्षे हलणार नव्हता. चूक झाली तर ती रोज सकाळी अंघोळीच्या वेळी भेटणार होती. मी दोन दिवसांची मुदत मागितली.

अंगणात ताडपत्रीखाली जुन्या घरातला तांब्याचा बंब ठेवलेला होता. त्याच्याशेजारी खुर्ची टाकून सासूबाई उन्हाला बसल्या होत्या. वय ८४. त्यांना विचारले, तर म्हणाल्या, "बंब मोडीत घालू नका. पण मला पुन्हा त्यात पाणी तापवायला सांगू नका." त्या दोन वाक्यांत किती गोष्टी आहेत, हे हिशेब मांडायला बसले तेव्हा कळत गेले. त्या हिशेबाचा हा लेख.

१

युरोप-अमेरिकेत या प्रश्नाचे नाव वेगळे आहे. माझा एक भाचा इंग्लंडात असतो. त्याच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर गॅसचा एक बॉयलर आहे. तोच खोल्या तापवतो आणि तोच नळाचे पाणी. तिथे आधी घर तापवायचे असते, अंघोळीचे पाणी त्याच्या मागून येते. आपल्याकडे उलटे आहे. मावळात जानेवारीची पहाट दहा अंशांच्या आसपास उतरते, पण त्यासाठी घर कोणी तापवत नाही. दारात शेकोटी पेटते, अंगावर घोंगडी येते आणि न्हाणीघरात कढत पाणी. थंडीवरचा आपला खरा उपाय अंघोळ हाच. पावसाळ्यात तर तो अधिकच लागतो. आवणी करून गुडघाभर चिखलातून आलेल्या माणसाला जुलैच्या संध्याकाळी गरम पाणी म्हणजे चैन नव्हे.

या गरजेतून मराठीत एक शब्दसंसार उभा राहिला. कढत पाण्यात गार पाणी मिसळायचे ते 'विसण'. मिसळायचे भांडे ते 'घंगाळ'. पेटवायचे ते 'चुलाण'. गोव्यात पाणी तापवायच्या तांब्याच्या भांड्याला 'भाण' म्हणतात. नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी बंब चिंचेने घासून लख्ख करायचा आणि भरून ठेवायचा, ही आपल्याकडची रीत. कर्नाटकात त्या संध्याकाळला 'नीरु तुंबुव हब्ब' म्हणजे पाणी भरण्याचा सण असेच नाव आहे. पाण्याचे भांडे भरण्याचाही सण व्हावा, इतके ते पाणी मोलाचे होते.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशवाईपासून तांब्या-पितळेची भांडी घडत आली. आमचा बंबही पुण्याहून आणलेला. त्याची रचना शांतपणे पाहिली तर कारागिराच्या अकलेचे कौतुक वाटते. उभे पिंप, त्याच्या मधोमध आरपार गेलेले नळकांडे, खाली जाळी, जाळीवर विस्तव, जाळीखाली राख, वर धुरांडे आणि बाजूला पितळी तोटी. चुलीवरच्या हंड्याला आग फक्त बुडाला लागते आणि उरलेली उष्णता बाजूने निसटते. बंबात आग मध्ये असते आणि पाणी तिच्याभोवती. धूर बाहेर पडण्याआधी त्याला पाण्याच्या संगतीने वर चढावे लागते. 'तांब्याचा म्हणून लवकर तापतो' असे आपण म्हणतो, पण श्रेय धातूपेक्षा आकाराला अधिक आहे. वाफेच्या इंजिनातले बॉयलर याच तत्त्वावर चालत, फक्त तिथे एका नळकांड्याऐवजी अनेक असत.

२

आता आकडे. आमच्या घरात पाच माणसे. माणशी वीस लिटरची एक बादली, पाणी ४० अंशांचे. जानेवारीत टाकीतले पाणी १८ अंशांचे धरले, तर १०० लिटर पाणी २२ अंशांनी तापवायचे, म्हणजे २२०० किलोकॅलरी. विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. म्हणजे थंडीत रोज अडीच युनिट. पावसाळ्यात टाकीतले पाणी २४ अंशांचे असते, तेव्हा दोन युनिटांपेक्षा थोडे कमी. शॉवरखाली उभे राहिले तर मिनिटाला आठ लिटर पाणी सहज जाते. आठ मिनिटांत तीन बादल्यांच्या वर. त्यामुळे गरम पाण्याच्या बचतीचे सर्वांत स्वस्त यंत्र बादली आहे आणि ते घरोघरी आहे.

तेच २२०० किलोकॅलरी लाकडातून काढायचे तर? वाळलेल्या सरपणाच्या किलोत साधारण ३५०० किलोकॅलरी असतात. साध्या चुलीवर त्यातला दहा ते पंधरा टक्केच भाग भांड्यात उतरतो. म्हणजे रोज पाच किलो लाकूड. बंबात तिसरा हिस्सा पाण्यात उतरतो असे धरले, तर दोन किलोंच्या आत भागते. दिवसाला सव्वातीन किलोंचा फरक. थंडीच्या चार महिन्यांत तो चारशे किलोंच्या घरात जातो. पंचवीस किलोंची मोळी धरली, तर सोळा मोळ्या.

हा आकडा सासूबाईंना सांगितला, तेव्हा त्या हसल्या. "सोळा मोळ्या म्हणजे सोळा सकाळी," म्हणाल्या. त्यांचे माहेर पवन मावळातले. लग्नाआधी डोंगरावरून काटक्या आणायचे काम त्यांच्याकडे आणि त्यांच्या बहिणीकडे होते. मावळात सरपणाला आणखी एक वाटेकरी होता, तो म्हणजे राब. भाताचे रोप टाकण्याआधी वाफ्यावर शेण, पालापाचोळा आणि काटक्या पसरून भाजणी करतात. शेणाची गोवरी न्हाणीघरात जाळायची की राबाला ठेवायची, हा घरातल्या बायकांचा दरवर्षीचा प्रश्न. "पुरुषांना आणि पाहुण्यांना कढत पाणी मिळायचं," त्या म्हणाल्या. "आमची पाळी येईस्तोवर बंबाला विसण लागायचंच नाही."

बंबाच्या आठवणी लिहिताना धुराचा वास आणि तांब्याची झळाळी हमखास येते. मोळी येत नाही. म्हणून पाणी तापवण्याचे साधन निवडताना पहिला प्रश्न इंधनाच्या दराचा नसून, त्या इंधनासाठी घरातले कोण खपते याचा असला पाहिजे, असे मला वाटू लागले.

३

सरपण गेले आणि वीज आली. बटण दाबले की पाणी तापते, त्यामुळे ते काम हलके आहे असा आपला समज होतो. तो किती खोटा आहे हे समजायला मावळाइतकी चांगली जागा नाही.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या पाण्यावर टाटांनी वळवण, लोणावळा आणि शिरवता ही धरणे बांधली. घाटाखाली खोपोलीच्या वीजघरातून १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. पाणी साधारण पाचशे मीटर खाली कोसळते आणि त्या जोरावर चक्रे फिरतात. आता जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४० च्या दशकात घालून दिलेला हिशेब लावू. पडणाऱ्या पाण्याची शक्ती आणि उष्णता यांचा भाव त्याने प्रयोगाने ठरवला. एक लिटर पाणी पाचशे मीटर खाली पडले, तर त्यातून मिळणाऱ्या सगळ्या शक्तीने तेच एक लिटर पाणी किती तापेल? सव्वा अंशदेखील नाही.

म्हणजे एक लिटर पाणी २२ अंशांनी तापवायला जवळजवळ १९ लिटर पाणी घाटाखाली सोडावे लागते. यंत्रांतली आणि तारांतली घट धरली तर आणखी जास्त. आमच्या पाच बादल्यांसाठी रोज दोन हजार लिटरच्या पुढे. हा सगळा सह्याद्री उतरून आलेले पाणी, आणि त्याचे मोल पाच अंघोळी.

कोळशाच्या विजेचा हिशेबही फारसा वेगळा नाही. औष्णिक केंद्रात कोळशातली साधारण एक तृतीयांश उष्णता विजेत उतरते, बाकीची धुराड्यातून आणि थंड करण्याच्या पाण्यातून निघून जाते. आधी उष्णतेची वीज करायची, त्यात दोन हिस्से गमवायचे, आणि घरी आणून त्या विजेची पुन्हा उष्णता करायची. विजेवर पंखा फिरतो, दिवा लागतो, संगणक चालतो. या कामांना दुसरा पर्याय नाही. ४० अंशांचे पाणी मात्र उन्हात ठेवलेली काळी टाकीही देते. पाणी तापवण्याच्या साधनांची निवड इथून सुरू व्हावी : अंघोळीला फार हलक्या प्रतीची उष्णता पुरते, आणि ती भारी प्रतीच्या इंधनातून काढणे हा उधळेपणा आहे.

४

'गीझर' हा शब्द आइसलंडमधल्या 'गेसिर' नावाच्या उसळत्या गरम झऱ्यावरून आला. लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन याने १८६८ मध्ये गॅसच्या ज्वाळेवर चटकन पाणी तापवणारे यंत्र केले आणि त्याला हे नाव दिले. त्या यंत्राला धूर बाहेर नेणारे धुरांडे नव्हते. तेव्हापासूनचे ते संकट आपल्या न्हाणीघरांत आजही शिल्लक आहे.

माझी एक भाची पुण्यात एका सदनिकेत भाड्याने राहत होती. न्हाणीघर लहान, वरच्या झडपेला थंडीमुळे पुठ्ठा लावलेला, आणि आतच गॅसचा गीझर. एका सकाळी ती बराच वेळ बाहेर आली नाही. तिच्या मैत्रिणीने दार ठोठावले, मग फोडले. वेळेवर बाहेर काढली म्हणून वाचली. आदले चार-पाच दिवस अंघोळीनंतर डोके दुखत होते, एवढेच तिला आठवत होते.

अशा बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो, आणि 'गॅस गळती' असे समजून पान उलटतो. इथे बहुधा गळती नसते. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, तो गळला तर कळतो. बंद जागेत ज्वाळेला पुरेसा प्राणवायू मिळाला नाही की जळण अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. आधी डोकेदुखी, मग चक्कर, मग हातपाय उचलत नाहीत. दाराची कडी आतून लावलेली असते आणि ती काढण्याचे बळ उरत नाही.

गॅसचा गीझर कंजूष आहे, हे खरे. आमच्या पाच बादल्यांना त्यावर साधारण पाव किलो गॅस लागेल, म्हणजे १४.२ किलोंचा सिलिंडर जवळजवळ ५५ दिवस. साठवण नसल्याने वायाही फार जात नाही. पण तो न्हाणीघराच्या आत नकोच. मोकळ्या हवेच्या गच्चीत किंवा बाहेरच्या भिंतीवर लावायला जागा असेल आणि तिथून पाइप आत घेता येत असेल, तरच त्याचा विचार करावा. हा नियम बंबालाही लागू आहे. जुन्या घरांत न्हाणीघर मागच्या पडवीत, कौलांखाली असे. फटींतून वारा येई, म्हणून तो विस्तव सोसला जाई. आज घट्ट बसणाऱ्या खिडक्यांच्या चौकोनी खोलीत कोळशाचा बंब पेटवणे तितकेच घातक ठरेल.

विजेच्या गीझरची सावधगिरी वेगळी : चांगले अर्थिंग, गळती होताच वीज तोडणारा स्विच, आणि दाब वाढल्यास सोडणारी झडप. पाण्यात बुडवायची हीटरची कांडी घरात लहान मूल असो वा नसो, बाद करावी. चालू कांडीच्या बादलीत हात घालून पाणी तापले का पाहण्याची सवय अनेकांच्या जिवावर बेतली आहे.

५

आता सूर्य. १८९१ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केंपने काळ्या टाक्या काचेच्या पेटीत बसवून 'क्लायमॅक्स' नावाचा पहिला विक्रीचा सौरबंब काढला. त्यात दिवसा पाणी तापे, रात्री निवून जाई. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेलीने ऊन घेणारा भाग आणि पाणी साठवणारी टाकी वेगळी केली, टाकीला उबदार वेष्टण दिले आणि नाव ठेवले 'डे अँड नाइट'. सकाळच्या अंघोळीची अडचण त्या दिवशी सुटली. इस्रायलने १९८० मध्ये नव्या घरांना सौरबंब कायद्याने बंधनकारक केला. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकात्मिक बांधकाम नियमावलीतही ठरावीक इमारतींसाठी सौर पाण्याची तरतूद आहे.

गच्चीवरच्या सौरबंबाला पंप लागत नाही. तापलेले पाणी हलके होऊन वर टाकीत चढते आणि गार पाणी खाली नळ्यांत येते. दोन चौरस मीटरची ऊन घेणारी जागा हिवाळ्याच्या स्वच्छ दिवशी शंभर लिटर पाणी ६० अंशांपर्यंत नेते. इथे एक गोम आहे. अंघोळीला ६० अंशांचे पाणी कोणी घेत नाही. त्यात १८ अंशांचे विसण घातले की शंभराचे जवळजवळ १९० लिटर होतात. एका दुकानदाराने आम्हाला पाच माणसांसाठी तीनशे लिटरचा सौरबंब सुचवला होता. आमच्या हिशेबाने शंभराचाही पुरला असता. रात्रीची घट, पाहुणे आणि एखादा ढगाळ दिवस धरून दीडशे पुष्कळ.

नळ्या दोन जातींच्या. एकीत तांब्याच्या बारीक नळ्या असलेला सपाट पत्रा काचेखाली असतो. तो महाग, पण टिकाऊ. दुसरीत दुहेरी काचेच्या नळ्या, आणि दोन काचांमध्ये निर्वात पोकळी. थर्मासचेच तत्त्व. या स्वस्त, थंडीत आणि ढगाळ हवेत बऱ्या, पण गारपिटीत फुटू शकतात. निर्णय बहुधा पाण्यावर ठरतो. आमच्याकडे बोअरवेल आहे. काळ्या पाषाणातले पाणी जड, आणि तापले की त्यातला क्षार भांड्याच्या आतून थर धरतो. तांब्याच्या बारीक नळ्या त्याने तुंबतात. काचेच्या रुंद नळ्या काढून धुता येतात. म्हणून आम्ही काच घेतली.

परंदवडीचा खरा प्रश्न पावसाचा. लोणावळ्याचे ढग इथे येईस्तोवर बरेच रिते झालेले असतात, पुण्याइतके मात्र नाहीत. जून ते सप्टेंबर सूर्याचा भरवसा नाही. इथे बहुतेक घरी एक चूक होते. सौर टाकीतच विजेची कांडी बसवून घेतात. ढगाळ दिवशी बटण दाबले की दोन बादल्यांसाठी दीडशे लिटरची अख्खी टाकी तापते. त्याऐवजी सौरबंबाचे पाणी न्हाणीघरातल्या एका लहान गीझरमध्ये सोडावे आणि तिथून नळाला द्यावे. जुलैत सौर टाकीतले पाणी कढत नसले तरी कोमट असते. २४ चे ३२ झाले, तरी ४० पर्यंतचे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे गीझर करतो, तेही जेवढे लागेल तेवढ्याच पाण्यापुरते. ऑक्टोबर उजाडला की गीझरचे बटण बंद. गीझर घेताना तो आत येणारे गरम पाणी सोसतो ना, एवढे विचारून घ्यावे.

दुसरी चूक पाइपाची. आतून २० मिलिमीटर व्यासाच्या पाइपात मीटरला तीनशे मिलिलिटरहून जास्त पाणी बसते. टाकी ते नळ अंतर २५ मीटर असेल, तर गरम पाणी येण्याआधी आठ लिटर गार पाणी मोरीत जाते. पाच जणांनी वेगवेगळ्या वेळी अंघोळ केली, तर दोन बादल्या. सौरबंब चांगला, पण 'पाणीच येत नाही' ही तक्रार अनेकदा या अंतराची असते. टाकी न्हाणीघराच्या शक्य तितकी वर हवी, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर एका भिंतीला हवे, आणि पाइपाला वेष्टण हवे. ही निवड दुकानात होत नाही. ती घराचा नकाशा काढताना होते.

६

उरले दोन नवे पर्याय. पहिला उष्णता-पंप. शीतकपाट आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकते, तसा हा बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो. वीज फक्त ओढण्याला लागते, म्हणून एका युनिटात साधारण तीन युनिटांची उष्णता मिळते. युरोपात घरे तापवायला सरकारे यासाठी अनुदान देतात. माझ्या भाच्यालाही तेच सुचवले जात आहे. मावळाची दमट, सौम्य हवा या यंत्राला मानवते, आणि ढगांशी त्याला देणे-घेणे नाही. पण आमच्या घराला वर्षभरात अंघोळीसाठी सातशेच्या आसपास युनिट लागतात. त्यातले दोन तृतीयांश वाचले आणि युनिट दहा रुपयांचे धरले, तर वर्षाला साडेचार-पावणेपाच हजार. यंत्र लाखाच्या घरातले. किंमत वसूल व्हायला वीस वर्षे लागतील, आणि यंत्र तेवढे टिकेल याचा भरवसा नाही. लोणावळ्याचे हॉटेल, वसतिगृह, रुग्णालय अशा ठिकाणी रोज हजारो लिटर पाणी लागते. तिथे हाच पर्याय पहिला ठरेल. सौरबंबाने आमची वर्षाला पावणेसहाशे युनिट वाचतात आणि तो पंचवीस-तीस हजारांत येतो. पाच वर्षांत फिटतो.

दुसरा पर्याय छतावरच्या सौर विजेचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्य घर' योजनेत एका किलोवॉटला ३० हजार आणि तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. ऊन घेऊन थेट पाणी तापवण्यात जागा कमी लागते. मात्र सौर विजेचा एक मोठा गुण सौरबंबात नाही. मे महिन्याचे गरम पाणी जुलैसाठी ठेवता येत नाही, पण मे महिन्यात जाळ्यात सोडलेली वीज जुलैच्या बिलात वळती होते. ज्यांच्या छतावर हे पत्रे बसलेच आहेत आणि वीज शिल्लक राहते, त्यांनी सौरबंबाच्या भानगडीत न पडता चांगल्या प्रतीचा साधा गीझर घ्यावा. सदनिकेत राहणाऱ्यांना गच्चीचा हक्क नसतो. त्यांनी जास्त तारे असलेला, गरजेपुरता लहान गीझर घेऊन तो अंघोळीआधी चालू आणि नंतर लगेच बंद करावा. दिवसभर चालू ठेवलेला गीझर मोकळ्या न्हाणीघराला ऊब देत बसतो.

७

दोन दिवसांची मुदत दोन आठवड्यांवर गेली. त्या मुलाला शेवटी कागदावर आकृती काढून दिली. न्हाणीघराच्या बरोबर वर दीडशे लिटरचा सौरबंब, तिथून सहा मीटर वेष्टणातला पाइप, खाली पंधरा लिटरचा गीझर, आणि सासूबाईंच्या उंचीला येईल असा मिसळणीचा नळ. त्याने कागद पाहिला आणि म्हणाला, "हे आधीच सांगायचं ना ताई, सोपं आहे."

सोपेच आहे, पण त्यासाठी 'कोणता गीझर चांगला' हा प्रश्न सोडून द्यावा लागला. किती बादल्या, कोणत्या महिन्यात, किती लांबून, कोणत्या पाण्याने आणि कोणाच्या कष्टाने, हे पाच प्रश्न विचारले की साधन आपसूक ठरते. प्रत्येक घराचे उत्तर वेगळे निघेल. परंदवडीचे उत्तर पिंपरीच्या सातव्या मजल्याला लागू पडणार नाही.

बंब मोडीत घातला नाही. चिंचेने घासून तो पडवीत उभा केला आहे. या दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी रीतीप्रमाणे त्यात पाणी भरू, भोवती रांगोळीही काढू. पेटवणार मात्र नाही. पहिल्या अंघोळीचे पाणी आदल्या दिवशीच्या उन्हाचे असेल. आणि घरात ठरले आहे की या वर्षी पहिली पाळी सासूबाईंची.